सतरा जोड्या

त्या वर्षी उन्हाळा लागायच्या आधीच ह्मीदाचे टोमॅटो बसले. ह्मीदा आमचा शेजारी, त्याच्या आणि आमच्या रानामध्ये फक्त निवडुंगाचं कुंपण. दुपारी झाडं माना टाकायची, संध्याकाळी पाणी पाजलं की जरा उभी राहायची. मग पाणी पाजूनही उठेनाशी झाली. त्यानं एक झाड मुळासकट उपटलं आणि आमच्या दारात आणून ठेवलं. मुळांवर बारीक गाठी होत्या, मोहरीच्या दाण्याएवढ्या, आणि प्रत्येक गाठीतून दाढीच्या खुंटासारखी मुळं फुटलेली.

आमच्याच दारात आणायला कारण होतं. ते बियाणं त्यानं माझी नणंद दलेंदा हिच्या शब्दावर घेतलं होतं.

दलेंदा ट्युनिसला शेती संशोधन केंद्रात सूत्रकृमींवर काम करायची. मुळांत शिरून तिथंच घर करणारे हे किडे, नुसत्या डोळ्याला दिसले तर दिसले. आमच्या सगळ्या पट्ट्यात एकाच जातीचा किडा आहे आणि या नव्या बियाण्याच्या झाडापुढे त्याचं काही चालत नाही, मुळात शिरला तरी उपाशी मरतो, असं तिनं आमच्याच अंगणात बसून ह्मीदाला समजावलं होतं. शिकलेल्या बाईचं बोलणं म्हणून त्यानं दोन्ही बोगद्यांत तेच लावलं. प्लास्टिकच्या त्या बोगद्यांत आता वाळलेली झाडं दोरीला लटकत होती.

माझा नवरा तिजानी स्ट्रॉबेरीवाला. फळापेक्षा रोपं विकण्यावर त्याचा भर. दोन वर्षांपूर्वी त्यानं एका दलालाकडून परदेशी मातृरोपांच्या पेट्या घेतल्या, घरामागच्या रानात लावल्या. एका रोपाला धुमारे फुटून शेकडो होतात, ती काढून, जुड्या बांधून तो गावात द्यायचा. हात माझेही त्यात असायचे. ह्मीदानं त्या रानात टोमॅटोच्या आधी आमचीच स्ट्रॉबेरी घेतली होती. पण तेव्हा त्याचा याच्याशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनात आलं नाही.

दलेंदा शनिवारी शेअर टॅक्सीनं आली, ह्मीदाकडं गेली, त्याचं ऐकून घेतलं आणि मुळं मातीसकट पिशवीत भरून घेऊन गेली. ट्युनिसला तिनं त्या किड्यांना कुंड्यांतल्या टोमॅटोवर वाढवलं.

जुलैत ती आली तेव्हा मी अंगणात वर्षभराचा कुसकुस, रव्याचे बारीक दाणे, वळत होते. ती समोर बसली, हात लावू लागली, पण तिच्या हातून गोळे होत होते. मी परात माझ्याकडे ओढली. मग तिनं पिशवीतून एक फोटो काढला. करडा, धुरकट. मधोमध दोन काळ्या रेघा बरोबरीनं गेलेल्या आणि त्यांच्यामध्ये आडव्या बारीक काड्या. मला तो स्कर्टच्या चेनसारखा दिसला. मी तसं म्हटलं.

"चेनच आहे," ती म्हणाली. "पण ती इथं असायलाच नको."

मग तिनं मला सांगितलं, मी पीठ चाळत ऐकलं. आपल्याकडच्या या किड्यात नर लागतच नाही. आई आपली आपण अंडी घालते. लेक हुबेहूब आईसारखी, नात हुबेहूब लेकीसारखी.

"म्हणजे तुझी जात," मी म्हटलं. "नवऱ्यावाचून काही अडत नाही."

"मला लेकी तरी कुठं झाल्या?" ती हसली, पण लगेच पुन्हा फोटोकडे बघायला लागली.

इतर जीवांमध्ये अंडं तयार होताना गुणसूत्रं जोडीजोडीनं जवळ येतात, असं ती सांगत होती. एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. दोघांच्या मध्ये अशा काड्या तयार होतात, त्या दोघांना घट्ट धरून ठेवतात, आणि तेवढ्यात दोघं आपले तुकडे एकमेकांशी बदलून घेतात. म्हणून माझी पोरं थोडी माझ्यासारखी, थोडी तिजानीसारखी. या किड्यात ते होत नाही. गुणसूत्रं सुटी राहतात, पिढ्यान्‌पिढ्या तेच पत्ते पिसल्याशिवाय वाटले जातात. त्या जोरावर तर ते बियाणं टिकून होतं. आणि ह्मीदाच्या मुळांतल्या किड्यात, विद्यापीठातल्या मोठ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, तिला ही चेन दिसली होती. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

"पत्ते पिसायला शिकला असेल, तर काही वर्षांत हे बियाणं सगळीकडे निकामी होईल. नुसतं आपल्या कोर्बात नाही."

तिचे वरिष्ठ सी बेल्हाज, म्हणजे बेल्हाजसाहेब, खूश होते. हे जगात कुणी पाहिलेलं नाही, हिवाळ्यातल्या परिषदेत मांडायचंच, म्हणून त्यांनी तिच्यामागं तगादा लावला होता. मला वाटलं, एवढी मोठी गोष्ट सापडलेल्या बाईच्या तोंडावर थोडा तरी आनंद हवा. दलेंदाच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. जेवताना तिनं अंडं भरून तळलेल्या ब्रीकचा एक कोपरा मोडला आणि अंडं ताटात ओघळू दिलं. तिजानीनं तिच्या डॉक्टरकीवरून चिडवलं, "आमच्या दुक्तूराला आता किडेच गोड लागतात." थोड्या वेळानं सहज विचारावं तसं तिनं भावाला विचारलं, ती मातृरोपं नक्की कुठून आली होती? त्यानं दलालाचं नाव सांगितलं. रोपांबरोबर काही दाखला होता का? तो म्हणाला, दलालाचा शब्द होता. तिनं मान हलवली आणि पाणी प्यायली.

मला ते खटकलं. किडा टोमॅटोचा, रोपं स्ट्रॉबेरीची. हिला काय करायचंय?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कुसकुस वाळत घालायला गच्चीवर गेलो, तेव्हा मी तिला सरळ विचारलं. ती चादरीच्या कडेला दगड ठेवत होती. ठेवत राहिली, सगळे दगड ठेवून झाले, मग म्हणाली, "मी मोजले नाहीत, सालहा."

काय मोजलं नाही ते मला कळेना. तिनं सांगितलं. फोटोत चेनचा एखादा तुकडा दिसतो, सगळी गुणसूत्रं दिसत नाहीत. ती बघायची तर अंडी रंगवून काचेखाली चेपायची आणि मोजायची. काम फार अवघड नाही, तिनं शेकडो वेळा केलेलं. आपल्याकडचा नेहमीचा किडा असेल तर चाळीसच्या वर सुटी गुणसूत्रं दिसतील. तीच जोड्या लावताना दिसली, तर सी बेल्हाज म्हणतात ते खरं.

"आणि नाही दिसली तर?"

"दुसरी एक जात आहे. थंड मुलखातली. तिच्यात जोड्या लागतात, हे आधीपासून माहीत आहे. नर मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी तिचं भागतं, पण जोड्या लागतात. सतराच्या आसपास. आणि या बियाण्याचा तिच्यावर काही परिणाम होत नाही, कधीच होत नव्हता." ती थांबली. "गाठी बारीक असतात. त्यातून दाढीसारखी मुळं फुटतात."

"ती जात इथं कशी येईल?"

तिनं घरामागच्या रानाकडे पाहिलं. आमचे वाफे वरून हिरवेगार दिसत होते. "ती स्ट्रॉबेरीच्या मुळांतून प्रवास करते," ती म्हणाली.

मी त्या चादरीच्या कडेलाच बसले. कुणाकुणाला रोपं दिली ते डोळ्यासमोरून गेलं. ह्मीदा. त्याचा मेव्हणा. तळ्याकडच्या बाजूचे तिघं. माझी मावशी. मग मला कळलं की ही बाई गेले दोन महिने कसल्या ओझ्याखाली आहे. जगावर मोठं संकट आलं असेल तर तिचा भाऊ सुटत होता. संकट लहान असेल तर ते आमच्या घरातून निघालं होतं.

"मग मोजू नकोस," मी म्हणाले.

आज कुणी विचारलं तर सांगेन, तेव्हा मला तेवढंच सुचलं. ती माझ्याकडे बघत राहिली. दुपारच्या टॅक्सीनं गेली.

पुढचे शनिवार ती आलीच नाही. काम आहे, असा निरोप यायचा. इकडे ऑगस्ट सरला आणि तिजानी रोपांच्या मागे लागला. ऑक्टोबरमध्ये लावणी, त्याच्या आधी सगळ्यांना रोपं हवी असतात. सांगून ठेवणारे यायला लागले. नाब्यूलकडची दोन माणसं आली, त्यांनी कधीच आमच्याकडून घेतलं नव्हतं. तिजानीनं त्यांना बदाम घातलेला चहा पाजला, वाफे दाखवले. मी चहाचे पेले उचलताना ते किती खूश होते ते बघत होते. त्या दोघांच्या गाडीतून आमची माती आणखी एका गावात जाणार होती.

तिजानीला सांगावं असं रोज वाटायचं. पण काय सांगणार? एका फोटोत चेन दिसली म्हणून? आणि मी काही बोलायच्या आधीच तो नव्या प्लास्टिकबद्दल, थोरल्याच्या शाळेबद्दल बोलायला लागायचा. मी वाफ्यांत बसून उगीच एखादं रोप उपटायची आणि मुळं चोळून बघायची. गाठ आहे की मातीचा कण आहे तेच कळायचं नाही. मग ते रोप पुन्हा लावून टाकायची, चोरी केल्यासारखी.

एकदा कुंपणापलीकडून ह्मीदाच्या बायकोनं मला हाक मारली. ती मिरचीची रोपं उपटत होती. टोमॅटो गेले म्हणून त्यांनी तिथं मिरची लावली होती, हरीसाच्या तिखट चटणीसाठी. तिनं मूळ वर धरलं. "बघ गं सालहा, हिलाही तसंच झालंय. तुझ्या नणंदेला विचार ना, आमच्यावर कुणाची नजर पडलीये." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी घरात न जाता तशीच पोस्टात गेले. केंद्राचा नंबर लावून घेतला. बराच वेळ कुणीतरी तिला शोधत होतं. ती आली आणि तिनं आवाज ओळखला.

"दलेंदा, मोज," मी म्हणाले. "मी गच्चीवर बोलले ते विसर. मोजून टाक."

पलीकडून दार लोटल्याचा आवाज आला.

"मोजलेत," ती म्हणाली. "केव्हाच मोजलेत. सतरा जोड्या. परत परत बघितल्या. मला यायची हिंमत होत नव्हती."

ती त्याच शनिवारी आली. तिजानी अंगणात पेट्यांना खिळे ठोकत होता. तिनं त्याच्यासमोर उभं राहूनच सांगितलं, लांबण लावली नाही. किडा स्ट्रॉबेरीचा आहे. ह्मीदाचं रान आपल्या रोपांनी बाटलं. या वर्षी एकही रोप घराबाहेर जाता कामा नये.

तो हातोडी खाली ठेवून ऐकत होता. मग त्यानं तो फोटो मागितला, उजेडाकडे धरला.

"या किड्याचं गाव दिसतंय का यात? आडनाव दिसतंय?" तो म्हणाला. "ह्मीदा दर वर्षी कुठून कुठून शेणखत आणतो. तळ्याकडचं पाणी त्याच्या रानात येतं. ते नाही दिसत तुला. भाऊ दिसतो."

तिनं सांगितलं, मोजलेत. तो म्हणाला, तू मोजलेस, तूच त्याला ते बियाणं दिलंस, आता खापर फोडायला कुणीतरी हवं. तो आणखीही बोलला, आईबाप गेल्यावर तिला कुणी शिकवलं तेही काढलं. दलेंदा रडली नाही. ती म्हणाली, "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. कलिंगडावर ठेव."

त्या जातीला कलिंगड चालत नाही. आपल्याकडचा नेहमीचा किडा कलिंगडाची मुळं आवडीनं खातो, ही मात्र शिवत नाही. आपल्या मागच्या रानातली माती कुंड्यांत भरायची, काहींत ह्मीदाचं बियाणं लावायचं, काहींत कलिंगड. टोमॅटोला गाठी आल्या आणि कलिंगडाची मुळं स्वच्छ निघाली, तर दुसरा कुठला किडा असूच शकत नाही.

"आणि तोवर माझी गिऱ्हाइकं हवा खातील?"

"ते तू ठरव."

माती तिनं स्वतःच भरली. तो पेट्या ठोकत राहिला.

सोमवारी नाब्यूलची माणसं गाडी घेऊन आली. मी आत दाराशी उभी होते. मी मनाशी ठरवलं होतं, त्यानं जुड्या उचलल्या तर मी मध्ये पडायचं, आणि मध्ये पडून काय बोलायचं ते ठरत नव्हतं. तिजानीनं त्यांना बाहेरच गाठलं. रोपं अजून कोवळी आहेत, म्हणाला, मुळं धरली नाहीत, यंदा दुसरीकडे बघा. ते हुज्जत घालत होते, तो हात जोडत होता. गाडी रिकामी गेली. तो आत आला, माझ्याकडे न बघता हात धुतले, भाकरी मागितली. मी वाढली. बहिणीवर त्याचा विश्वास बसला होता, आणि तो तसं कधी म्हणणार नव्हता.

त्या कुंड्यांना पाणी घालायचं काम माझं ठरलं होतं. पण मी जायच्या आधीच माती ओली असायची. कुणाला कळू नये अशा बेतानं तो उठायचा, कुंड्या उन्हात सरकवायचा, दुपारी सावलीत आणायचा. कलिंगडाचा वेल सुरेख पसरला. टोमॅटो आधी जोमात होते, मग थबकले, पानं निस्तेज झाली. तो त्यांच्याजवळ उकिडवा बसून बघत राहायचा. मला वाटायचं, मनातल्या मनात तो कलिंगडाच्या मुळांना गाठी याव्यात म्हणून दुआ मागत असेल. मीही मागत होते. झोप अशी दोघांनाही नव्हती. पोरं काही विचारायला आली की दोघंही एकदम खेकसायचो.

गावात कुजबुज सुरू झाली होती. तिजानीनं रोपं अडवून धरलीत, भाव वाढवायचाय त्याला, असं कुणी म्हणालं. ह्मीदानं मात्र एकदा कुंपणापाशी येऊन विचारलं, तब्येत बरी आहे ना? तिजानी हो म्हणाला आणि आत निघून आला.

दलेंदा आली तेव्हा सकाळ होती. तिनं कुंडी उलटी करून टोमॅटोचं झाड मातीसकट बाहेर काढलं, बादलीत बुडवून हलवलं. मुळं वर आली. बारीक गाठी, दाढी फुटलेल्या, मला लांबूनच दिसल्या. मग तिनं कलिंगडाची कुंडी त्याच्यापुढे ठेवली. "तू काढ," म्हणाली.

त्यानं काढलं. धुतलं. पांढरी, लांब, सरळ मुळं. त्यानं ती पुन्हा पाण्यात बुडवली, बोटांनी हळूहळू चाचपली, पुन्हा बुडवली. दुसरी कुंडी उलटी केली, तिसरी केली. सगळी तशीच. बादलीतलं पाणी चिखलासारखं झालं तरी तो त्यातच धूत होता. शेवटी दलेंदानं त्याच्या हातातून ती मुळं काढून घेतली.

तो उठला, पायात चपला सरकवल्या आणि निवडुंगाच्या कुंपणाला वळसा घालून ह्मीदाकडे गेला. आम्ही दोघी अंगणात उभ्या होतो. त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. ह्मीदा बोगद्याच्या दारात उभा होता, तिजानी त्याच्यासमोर, दोन्ही हात मागे धरून, शाळेतल्या पोरासारखा. बराच वेळ तिजानीच बोलत होता. ह्मीदानं त्याला बस म्हटलं नाही. मग ह्मीदा काहीतरी दोनचार शब्द बोलला आणि आत गेला.

काय म्हणाला, ते तिजानीनं मला खूप दिवसांनी सांगितलं. तो म्हणाला होता, "तू आलास ते बरं केलंस. आता जा."

मग तिजानी तळ्याकडच्या तिघांकडे गेला, ह्मीदाच्या मेव्हण्याकडे गेला, माझ्या मावशीकडे गेला. एकानं शिव्या दिल्या. मावशीनं ऐकून घेतलं आणि जेवायला वाढलं, त्याला घास उतरला नाही. सगळ्यांना त्यानं दलेंदानं सांगितलेलंच सांगितलं, की जिथं आमची रोपं गेलीत तिथं पुढच्या हंगामात कलिंगड लावा, नाहीतर गहू. या किड्याला दोन्ही चालत नाहीत, उपासमारीनं कमी होईल. सगळ्यांनी ऐकलं असं नाही. मागचं रान आम्ही उकरून रोपं जाळली. हिरवी रोपं जळत नाहीत नीट, नुसता धूर होतो. तो धूर दिवसभर ह्मीदाच्या घरावर जात होता आणि मला त्याचीही लाज वाटत होती. त्या हिवाळ्यात तिजानीनं केलिबियाच्या मासळीवाल्यांची गाडी चालवली.

दलेंदाच्या परिषदेचं काही झालं नाही. सतरा जोड्या ऐकून सी बेल्हाज म्हणाले, मग यात नवीन काय? त्यांनी तिच्याशी बोलणंच कमी केलं. तिनं केंद्राच्या अहवालात एक पान लिहिलं, कोर्बाच्या स्ट्रॉबेरीत ही जात सापडली एवढंच. रोपं कुणाची ते लिहिलं नाही. तेवढं केलं तिनं आमच्यासाठी, आणि ते बरोबर केलं की चूक यावरही ती पुढं बरेच दिवस कुढत होती. रोपं परदेशातून आणणाऱ्या बाकीच्यांकडे जाऊन तिनं मुळं तपासली. आणखी एका ठिकाणी तेच निघालं.

भावाबहिणीचं बोलणं तुटलं होतं. ती यायची तेव्हा तो गाडी घेऊन निघून जायचा. ईदला मात्र घर सोडून जाता येत नाही. ती आली, पोरांना कपडे आणले, माझ्याबरोबर स्वयंपाक केला. जेवण झाल्यावर तिजानीनं चहा ओतला. पहिला पेला तिच्यापुढे ठेवला.

"ते किडे जिवंत आहेत का अजून?" त्यानं विचारलं.

"आहेत. कुंड्यांत. त्यांच्यावरच काम चाललंय माझं."

"नीट खायला घाल त्यांना," तो म्हणाला. "आमचं सगळं रान खाऊन आलेत, त्यांना सवय चांगली आहे."

दलेंदानं पेला उचलला. हसावं की नाही हे तिला कळत नव्हतं, म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पोरांची ताटं उचलायला लागले.

उन्हाळ्यात ह्मीदाच्या रानात कलिंगडं झाली, चांगली मोठी. कुंपणावरून दिसायची. त्याची बायको माझ्याशी पूर्वीसारखीच बोलते. ह्मीदा बोलत नाही. वाटेत गाठ पडली तर तिजानी सलाम करतो. ह्मीदा उत्तर देतो, तेवढं तर कुणालाही द्यावं लागतं, आणि पुढं जातो. तिजानी अजून वाट बघतो की एखाद्या दिवशी तो थांबेल.